धाप लागते? थांबू नका

कतारमध्ये, दोह्याच्या एका रुग्णालयात मी नर्स होते. तिथे आम्हाला खाटेपाशीच वापरायची छोटी सोनोग्राफी शिकवली. धाप लागलेल्या रुग्णाच्या छातीवर जेल लावून यंत्राचे टोक टेकवायचे. निरोगी फुप्फुसात पडद्यावर आडव्या रेषा दिसतात. पाणी साचले असेल, तर वरून खाली उतरणाऱ्या पुष्कळ पांढऱ्या रेषा. दुखत नाही, एक्स-रेही लागत नाही. म्हणूनच साधनांची चणचण असलेल्या गावांना हे यंत्र मोलाचे. मात्र यंत्र धरायला लवकर येते. "मला नक्की कळत नाही, डॉक्टरांना बोलवा" हे म्हणायला जास्त शिकावे लागते.

रेवदंड्याच्या मावशीने विचारले, "मग आमच्या आरोग्य केंद्रातली सिस्टर हे का करत नाही गं?" कारण १९९४ चा गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा. आपल्याकडे सोनोग्राफी यंत्राची नोंदणी लागते आणि ते ठरावीक पात्रतेचे डॉक्टरच वापरू शकतात. मुलींसाठी तो कायदा हवाच.

तेव्हा आपणच सावध राहावे. आडवे झाल्यावर धाप लागते, पाय सुजतात, रात्री उशा वाढवाव्या लागतात? त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. एकाएकी धाप लागली किंवा छातीत दुखले, तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करा.