मोडणाऱ्या खेळण्यांचे दुकान

२९ जून २०१८ रोजी अमेरिकेतील ‘टॉइज आर अस’ ह्या खेळण्यांच्या विख्यात दुकानसाखळीची अखेरची दारे बंद झाली. त्या सुमारास एक छायाचित्र पुष्कळांच्या नजरेखालून गेले. फळ्या रिकाम्या झालेल्या एका दालनात दुकानाचे बोधचिन्ह असलेला जिराफ हाती प्रवासाची बॅग घेऊन एकटाच उभा आहे, असे ते छायाचित्र. त्याने हळहळलेल्यांत मुले थोडी आणि मोठी माणसे अधिक होती. मुलांचे मन दुसऱ्या कशात रमण्यास वेळ लागत नाही. परंतु खेळणी जमविण्याचा छंद असलेला जो मोठा वर्ग अमेरिकेत आहे, त्याला आपल्या पायाखालचे काहीतरी सरकले असे वाटले. चाळिशी उलटलेल्या गृहस्थाने प्लास्टिकच्या सैनिकांच्या दुकानासाठी शोक करावा, हे वरकरणी हास्यास्पद दिसते. तथापि त्या शोकात, शोक करणाऱ्यांनाही पुरते न उमगलेले असे एक सत्य दडलेले आहे.

ह्या दुकानाच्या जन्माची कथा त्या दृष्टीने उद्बोधक आहे. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या चार्ल्स लाझरस ह्या तरुणाने १९४८ मध्ये वॉशिंग्टन शहरी, वडिलांच्या सायकलदुरुस्तीच्या जागेत पाळणे आणि लहान मुलांचे सामान विकण्यास आरंभ केला. गिऱ्हाइकांच्या मागणीवरून त्याने थोडी खेळणीही ठेवली आणि लौकरच त्याला व्यापाराचे मर्म गवसले. पाळणा एकदा घेतला की तो पुढच्या भावंडांनाही पुरतो. खेळणे मात्र मोडते, आणि ते घेणारा पुन्हा दाराशी येतो. ह्याच तत्त्वावर १९५७ मध्ये त्याने केवळ खेळण्यांचे, वाणसामानाच्या भव्य भांडारासारखे दुकान काढले. म्हणजे लाझरसने आपली इमारत उभी केली ती खेळणे मोडते ह्या पायावर. न मोडणारे, किंबहुना डब्यातूनही न काढलेले खेळणे ज्याला हवे असते, तो संग्राहक ह्या इमारतीत आला तो मागाहून, जवळजवळ आगंतुक म्हणून. ही गोष्ट ध्यानी ठेवली म्हणजे पुढचा गुंता सुटण्यास मदत होते.

दुकान बुडाले कशाने? संगणकावरून होणाऱ्या खरेदीने ते गिळले, असे सर्रास सांगितले जाते. त्यात तथ्य नाही असे नाही. १९९८ मध्येच वॉलमार्टने खेळण्यांच्या विक्रीत त्याला मागे टाकले होते, आणि २००० साली ॲमेझॉनशी केलेला दहा वर्षांचा करार पुढे न्यायालयीन वादात मोडला. परंतु घाव खरा बसला तो २००५ मध्ये. केकेआर, बेन कॅपिटल आणि व्होर्नाडो ह्या तीन वित्तसंस्थांनी सुमारे ६६० कोटी डॉलरांना ही कंपनी खरेदी केली, आणि त्यातील बहुतांश रक्कम कर्जाऊ काढून त्याचा भार खुद्द कंपनीच्याच शिरावर ठेवला. त्यानंतर दरसाल सुमारे ४० कोटी डॉलर कर्जफेडीतच जाऊ लागले. दुकाने रंगविण्यास, नोकर वाढविण्यास, स्वतःचा संगणकीय व्यवहार सुधारण्यास पैसा उरेना. सप्टेंबर २०१७ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज दाखल झाला तेव्हा डोक्यावर सुमारे ५०० कोटी डॉलरांचे ऋण होते. गिऱ्हाईक अजिबात येत नव्हते असे नव्हे. आलेल्या गिऱ्हाइकाचा पैसा सावकाराच्या घरी जात होता. पुढील मार्चमध्ये सातशेहून अधिक दुकाने मोडीत काढण्याचे जाहीर झाले, आणि त्यानंतर आठवड्याभरातच लाझरस वयाच्या ९४ व्या वर्षी निवर्तला. तीस हजारांहून अधिक नोकर रस्त्यावर आले. बडतर्फीची भरपाई त्यांना मिळाली नाही. बरीच निदर्शने झाल्यावर त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात दोन वित्तसंस्थांनी दोन कोटी डॉलरांचा साहाय्यनिधी देऊ केला. संग्राहकांच्या दुःखाचा विचार करताना ह्या दुःखाची पायरी वरची आहे, हे विसरता कामा नये.

आता संग्राहकाकडे वळावे. इतर मोठ्या भांडारांतून खेळणी नाताळापूर्वी फळ्या भरून येतात आणि नाताळ सरला की त्या जागी बागकामाची अवजारे येतात. खेळण्यांच्या दुकानात ती बारमाही असत, आणि न खपलेला मालही महिनोन् महिने आकड्यांवर लटकत राही. संग्राहकाचे सारे सुख ह्या लटकण्यात होते. कारखान्यातून येणाऱ्या खोक्यात सर्व बाहुले समसमान नसतात. एखाद्याच्या चार प्रती, तर एखाद्याची एकच. ती एक कोणाच्या हाती लागेल हे मालगाडी कोणत्या वारी येते ह्यावर, पहाटे उठण्यावर आणि बहुतांशी नशिबावर अवलंबून असे. शिवाय डब्याच्या पारदर्शक खिडकीतून चेहऱ्याचा रंग कसा बसला आहे, हे चारपाच नग ताडून पाहता येई. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्याच आकड्यापाशी सहा वर्षांचा एक मुलगाही उभा असे. त्याची आणि ह्या प्रौढाची किंमत एकच. तोच मुलगा वीस वर्षांनी संग्राहक व्हायचा.

दुर्मिळता जन्मास येत असे ती ह्याच गर्दीतून. १९७७ साली ‘स्टार वॉर्स’ हा चित्रपट अनपेक्षित गाजला आणि खेळणी बनविणाऱ्या केनर कंपनीला नाताळापर्यंत माल काढणे अशक्य झाले. तेव्हा तिने चक्क पुठ्ठ्याचे पाकीट विकले: आत खेळणे नाही, पुढील वर्षी चार बाहुले पोचते होतील असे हमीपत्र! पुढे बाहुले आले तेव्हा त्यांतील जावा ह्या बुटक्या पात्राला प्रथम पातळ प्लास्टिकचा झगा होता. तो क्षुद्र दिसतो म्हणून कंपनीने लौकरच कापडी झगा चढविला. दोनएक डॉलरांना विकला गेलेला तो प्लास्टिकच्या झग्याचा जावा आज संग्राहकांच्या जगात रत्नासारखा मोलाचा आहे. त्याला कोणी मुद्दाम दुर्मिळ केलेले नव्हते. मुलांनी झगे फाडले, बाहुले अंगणात पुरले, आयांनी कचऱ्यात टाकले. ह्या सर्वांतून जे वाचले ते दुर्मिळ झाले. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयातील अडकित्ते आणि दिवे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे निराळे सांगावयास नको. दिनकर केळकरांनी जमविल्या त्या वस्तू संग्रहासाठी घडविलेल्या नव्हत्या; सुपारी कातरून आणि तेल जाळून त्या संग्रहापर्यंत आल्या होत्या.

दुकान गेल्यानंतर हा क्रम उलटा झाला आहे. २०१८ ह्या एका वर्षात हॅस्ब्रोचा महसूल सुमारे १२ टक्क्यांनी घटला. मग अशा कंपन्यांनी संग्राहकालाच थेट गाठण्याचा मार्ग अधिक जोराने धरला. त्याच वर्षी हॅस्ब्रोने ‘स्टार वॉर्स’मधील एका विशाल नौकेची योजना मांडली. किंमत सुमारे ५०० डॉलर. ५,००० जणांनी आगाऊ मागणी नोंदविली तरच ती घडवायची. मागण्या आल्या ८,८१०. व्यापारी दृष्टीने योजना निर्दोष म्हणावी लागेल: माल पडून राहण्याचे भय नाही, दुकानदाराचा वाटा नाही. परंतु ह्या खेळण्याच्या आयुष्यात मूल कोठे येते? ते खेळणे मोडणार नाही, हरवणार नाही, म्हणून त्याच्या किती प्रती जगल्या वाचल्या हा प्रश्नच उद्भवणार नाही. मध्यंतरी प्लास्टिक वाचविण्यासाठी कंपनीने डब्यांच्या खिडक्याही बंद केल्या आणि संग्राहकांना न पाहताच माल घेण्याची वेळ आली. ओरड झाल्यावर २०२३ मध्ये त्या पुन्हा उघडण्याचे जाहीर झाले. ग्राहकाचे वय किती वाढले आहे ह्याचा आकडा बोलका आहे. २०२४ च्या पहिल्या तिमाहीत अमेरिकेत प्रौढांसाठी झालेली खेळण्यांची खरेदी तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठीच्या खरेदीहून प्रथमच अधिक भरली. लाझरसचा आगंतुक आता यजमान झाला आहे.

केवळ जपण्यासाठी घेतलेल्या खेळण्यांचे काय होते, ह्याचा धडा अमेरिकेने एकदा गिरविला होता. १९९० च्या दशकात बीनी बेबीज ही कापडी चिमुकली जनावरे मोठ्या साखळीदुकानांना मुद्दाम न देता लहानसहान भेटवस्तूंच्या दुकानांतून विकली जात, आणि अधूनमधून एखादे जनावर ‘निवृत्त’ केल्याचे जाहीर होई. लोकांनी ती शेअरप्रमाणे साठविली. १९९९ मध्ये लास व्हेगासच्या न्यायालयात घटस्फोट घेणाऱ्या एका दांपत्याने जमिनीवर बसून आपला ढीग एकेक करून वाटून घेतला. लौकरच भाव कोसळले. प्रत्येकाने जपले, म्हणून कोणाचेच दुर्मिळ राहिले नाही.

ह्या अवस्थेस संग्राहक सर्वस्वी निर्दोष आहेत असेही नाही. पहाटे दुकान उघडताच खोक्यातील एकुलता एक बाहुला उचलून तो दामदुपटीने विकणारे त्यांच्यातूनच निघाले. चित्रपटगृहाच्या दारातील तिकिटांच्या काळ्याबाजाराशी ज्यांचा परिचय आहे, त्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. सहा वर्षांच्या मुलाने आकड्यापाशी यावे आणि त्याला नको असलेली पात्रेच तेवढी लटकत असावीत, असे वारंवार घडल्यावर ते मूल दुसरीकडे वळले तर दोष कोणाला द्यावा? आज तेच काम संगणकाची आज्ञावली निमिषार्धात करते आणि सच्चा संग्राहकच रित्या हाताने राहतो.

छोट्या दुकानांचा आणखी एक उपयोग असे, ज्याची दखल हिशेबाच्या वहीत होत नाही. १९७९ मध्ये लिव्हरपूलचा डिंकी मोटारींचा कारखाना बंद झाल्यावरही गावोगावच्या जुन्या दुकानांच्या माळ्यांवर न खपलेले डबे उरले होते, आणि जाणकार त्यांचा माग काढीत फिरत. आपल्याकडेही असाच एक दुवा आहे. एमआरएफ उद्योगसमूह आणि हॅस्ब्रो ह्यांनी १९८७ मध्ये फनस्कूल ही कंपनी काढली व गोव्यात तिचा कारखाना उभा राहिला. ह्या कंपनीने ‘जी. आय. जो’ हे सैनिक भारतीय बाजारात आणले. त्यांतील काहींचे रंग अमेरिकी मालाहून इतके निराळे होते की पुढे अमेरिकेतील संग्राहक त्यांच्या शोधाला लागले. येथील दुकानदाराच्या काचेच्या कपाटात वर्षानुवर्षे धूळ खात पडलेला सैनिक सातासमुद्रापार मोलाचा ठरावा, हे त्या दुकानदाराच्या चिकाटीचेच फळ. मग ती नाइलाजाची का असेना. आता आयात खेळण्यांवरील सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर गेल्यापासून येथील संग्राहकाचाही हात आखडला आहे. देशी कारखानदारीस त्याचा लाभ झाला असेल, परंतु परदेशी खेळणे दुकानात सहज हाती लागण्याची शक्यता दुरावली हे खरेच.

‘टॉइज आर अस’ हे नाव मात्र पुसले गेलेले नाही. डिसेंबर २०२१ मध्ये न्यू जर्सीतील एका मोठ्या व्यापारसंकुलात ते पुन्हा झळकले, आणि २०२२ मध्ये मेसीज ह्या भांडारांच्या दालनांतून त्या नावाचे कोपरे उघडले गेले. जुन्या दुकानांचे सामान मोडीत निघाले तेव्हा फळ्या, आकडे, पाट्या, सामान ढकलण्याच्या गाड्या असे सारेच विकले गेले. ते घेणाऱ्यांत संग्राहकही होते. नोकरांच्या छातीवरचे बिल्ले आणि जिराफाच्या पाट्या आता लिलावाला येतात, आणि चांगल्या स्थितीतील नगाला अधिक दाम मिळतो.