दीर्घकाळ उभ्या असलेल्या स्पोर्ट्स कारच्या बॅटरीचे संवर्धन : ट्रिकल चार्जरची उपयुक्तता व मर्यादा (नाशिक परिसराच्या संदर्भात)

सारांश

क्वचित वापरल्या जाणाऱ्या मोटारीची शिसे-आम्ल बॅटरी वापराअभावी निकामी होते. यावर उपाय म्हणून ट्रिकल चार्जर वापरला जातो. तथापि या एकाच नावाने दोन भिन्न तत्त्वांवर चालणारी उपकरणे ओळखली जातात. त्यांपैकी एक बॅटरीचे रक्षण करते, तर दुसरे दीर्घकाळ जोडून ठेवल्यास तिचा नाश करते. प्रस्तुत लेखात बॅटरी उतरण्याची कारणे, चार्जिंगचे विज्ञान, नाशिकच्या हवामानाचा परिणाम आणि सुरक्षित वापराची पद्धत यांचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : शिसे-आम्ल बॅटरी, स्वयं-विसर्जन, सल्फेशन, ट्रिकल चार्जर, फ्लोट चार्जिंग

प्रस्तावना

नाशिकचा मोटार उद्योगाशी जुना संबंध आहे. महिंद्र आणि बॉश यांसारख्या कंपन्यांचे कारखाने येथे आहेत, तर 'रॅली ऑफ महाराष्ट्र' या स्पर्धेमुळे मोटार शर्यतींच्या क्षेत्रातही शहराचे नाव परिचित आहे. स्पोर्ट्स कार हे मात्र रोजच्या वापराचे वाहन नव्हे. जमिनीलगतची बांधणी, रस्त्यांवरील गतिरोधक आणि पावसाळ्यातील खड्डे यांमुळे अशी गाडी महिनोन्‌महिने आच्छादनाखाली उभी राहते. गोव्यात तयार झालेली 'सॅन स्टॉर्म' किंवा महाराष्ट्रात घडलेली 'डीसी अवंती' यांसारख्या मोजक्या संख्येच्या भारतीय गाड्यांच्या बाबतीत तर सुटे भाग दुर्मीळ असल्याने गाडी जपून ठेवण्याकडेच मालकांचा कल असणे स्वाभाविक आहे.

उभ्या गाडीची झीज होत नाही, असा सर्वसाधारण समज आहे. बॅटरीच्या बाबतीत तो खरा नाही. याचा अनुभव 2020 मध्ये सर्वसामान्य वाहनधारकांनाही आला. 25 मार्चपासून 31 मेपर्यंत, म्हणजे 68 दिवस, देशव्यापी टाळेबंदी होती. या काळात जागेवरून न हललेल्या अनेक गाड्या पुढे किल्ली फिरवल्यावर सुरू झाल्या नाहीत. त्यामागील गणित समजून घेणे हा या विवेचनाचा आरंभबिंदू ठरू शकतो.

बॅटरी का उतरते?

गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1859 मध्ये शिसे-आम्ल संचायक घट सिद्ध केला. आजच्या मोटारीतील बॅटरी तत्त्वतः तीच आहे. तिच्यात सहा घट एकसरीत जोडलेले असतात. प्रत्येक घटात शिशाचे एक व शिसे डायऑक्साइडचे एक अशी इलेक्ट्रोडे विरल सल्फ्युरिक आम्लात बुडालेली असतात. वीज खर्च होताना दोन्ही इलेक्ट्रोडांवर शिसे सल्फेट तयार होते, आम्ल विरल होत जाते आणि पाणी वाढते. चार्जिंगमध्ये हीच क्रिया उलट दिशेने घडते.

उभ्या गाडीत हा खर्च दोन वाटांनी होतो. पहिली वाट म्हणजे बॅटरीतील अंतर्गत रासायनिक क्रियांमुळे होणारे स्वयं-विसर्जन. याचा वेग तापमानावर अवलंबून असून, तापमान 10 अंश सेल्सिअसने वाढल्यास तो साधारणतः दुप्पट होतो. दुसरी वाट म्हणजे गाडीतील जागती उपकरणे. चोरीविरोधी यंत्रणा, किल्लीचा संकेत ओळखणारा ग्राहक, घड्याळ आणि इंजिन नियंत्रकाची स्मृती यांना इंजिन बंद असतानाही अल्प प्रवाह लागतो. आधुनिक गाड्यांत तो सामान्यतः 20 ते 50 मिलिअँपिअर असतो.

हा आकडा नगण्य वाटतो. पण 25 मिलिअँपिअर प्रवाह 68 दिवस वाहिल्यास 40.8 अँपिअर-तास इतका विद्युतभार खर्च होतो. मध्यम आकाराच्या गाडीतील बॅटरीची क्षमता 45 अँपिअर-तासांच्या आसपास असते. म्हणजेच पूर्ण चार्ज असलेली बॅटरीही या काळात जवळजवळ रिती होते, आणि स्वयं-विसर्जनाचा वाटा यात धरलेलाच नाही.

बॅटरी रिती होणे ही तात्पुरती अडचण असते, तर ती रिती राहणे हे कायमचे नुकसान असते. नुकतेच तयार झालेले शिसे सल्फेट सूक्ष्म स्फटिकांच्या रूपात असते व चार्जिंगमध्ये सहज परत विघटित होते. मात्र ते तसेच राहिले तर लहान स्फटिक विरघळून मोठे स्फटिक वाढत जातात. हे मोठे स्फटिक चार्जिंगला दाद देत नाहीत. या सल्फेशनमुळे बॅटरीची क्षमता घटते आणि अंतर्गत रोध वाढतो.

प्रचलित उपाय व त्यांची अपूर्णता

आठवड्यातून एकदा दहा मिनिटे इंजिन सुरू ठेवणे हा सर्वाधिक प्रचलित उपाय होय. 50 मिलिअँपिअर प्रवाहाने आठवड्यात 8.4 अँपिअर-तास खर्च होतात. जागेवर चालणाऱ्या इंजिनाकडून बॅटरीला 10 अँपिअर मिळाले असे मानले, तरी दहा मिनिटांत जमा होतात केवळ 1.7 अँपिअर-तास. शिवाय इंजिन पुरेसे तापत नसल्याने तेलात व सायलेन्सरमध्ये ओलावा साचतो.

दुसरा उपाय बॅटरीची ऋण तार सोडवून ठेवण्याचा. यामुळे उपकरणांकडे जाणारा प्रवाह थांबतो, मात्र स्वयं-विसर्जन चालूच राहते. चोरीविरोधी यंत्रणा बंद पडते आणि काही गाड्यांत साठवलेल्या जुळण्या पुसल्या जातात. काही स्पोर्ट्स कारमध्ये बॅटरी पुढील डिकीत असते व त्या डिकीची कडी विजेवर उघडते. अशा गाडीची बॅटरी उतरली की बॅटरीपर्यंत पोहोचणेच कठीण होऊन बसते.

ट्रिकल चार्जर : एक नाव, दोन उपकरणे

मूळ अर्थाने ट्रिकल चार्जर म्हणजे बॅटरीच्या अवस्थेचा विचार न करता सतत अल्प प्रवाह देणारे साधे उपकरण. बॅटरी पूर्ण भरल्यावरही हा प्रवाह थांबत नाही. रूपांतरासाठी शिसे सल्फेट शिल्लक नसल्याने तो पाण्याचे विघटन करू लागतो. फॅरडेच्या नियमानुसार प्रत्येक अतिरिक्त अँपिअर-तासामागे प्रत्येक घटातील 0.336 ग्रॅम पाणी विघटित होते. अर्धा अँपिअर देणारा असा चार्जर भरलेल्या बॅटरीस 60 दिवस जोडून ठेवला व संपूर्ण प्रवाह याच क्रियेत खर्ची पडला असे मानले, तर सहा घटांतून मिळून सुमारे 1.45 किलोग्रॅम पाणी नाहीसे होईल. पाणी भरण्याची सोय नसलेल्या बॅटरीचा हा अंतच होय.

दुसरे उपकरण म्हणजे विद्युतदाब नियंत्रित करणारा स्वयंचलित देखभाल-चार्जर. बाजारात यालाही ट्रिकल चार्जरच म्हणतात. तो तीन टप्प्यांत काम करतो. पहिल्या टप्प्यात स्थिर प्रवाहाने बहुतांश क्षमता भरली जाते. दुसऱ्या टप्प्यात विद्युतदाब 14.4 व्होल्टच्या आसपास स्थिर ठेवला जातो व प्रवाह आपोआप घटत जातो. तिसऱ्या, म्हणजे फ्लोट टप्प्यात विद्युतदाब 13.2 ते 13.8 व्होल्टपर्यंत खाली आणला जातो. या दाबाला बॅटरी आपली झीज भरून काढण्यापुरताच प्रवाह स्वीकारते. फेरारी व पोर्शे यांसारखे उत्पादक आपल्या गाड्यांसाठी याच प्रकारचे चार्जर पुरवतात. म्हणून खरेदीच्या वेळी केवळ नाव न पाहता फ्लोट टप्पा आहे किंवा नाही, हे पाहणे अगत्याचे आहे.

नाशिकच्या संदर्भातील विशेष बाबी

थंड देशांतील मार्गदर्शनाचा भर हिवाळ्यावर असतो. नाशिक परिसरात निफाडकडे थंडीत पारा एक अंकी होत असला, तरी बॅटरीचा खरा शत्रू उन्हाळा आहे. एप्रिल-मेमध्ये तापमान 40 अंशांच्या आसपास जाते आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याहूनही वाढते. तापमान वाढेल तसा फ्लोट दाब कमी करावा लागतो. 12 व्होल्टच्या बॅटरीसाठी हे प्रमाण प्रतिअंश सुमारे 18 मिलिव्होल्ट आहे. 25 अंशांना 13.5 व्होल्ट योग्य असेल, तर 40 अंशांना सुमारे 13.2 व्होल्ट पुरेसे होतात. तापमानानुसार दाब बदलणारा चार्जर आपल्याकडे म्हणूनच अधिक इष्ट ठरतो.

दुसरी बाब वीजपुरवठ्याची. काही चार्जर वीज गेल्यानंतर पुन्हा आल्यावर आपोआप सुरू होत नाहीत; बटण दाबावे लागते. मालक गावी असेल, तर उपकरण जोडलेले असूनही बॅटरी उतरू शकते. मळ्यातील शेडमध्ये विजेची सोय नसल्यास नियंत्रक जोडलेले छोटे सौर पॅनेल हा व्यवहार्य पर्याय आहे.

सुरक्षित वापराची पद्धत

1. प्रथम मल्टिमीटरने विद्युतदाब मोजावा. काही तास स्थिर राहिलेल्या बॅटरीत 12.6 व्होल्ट किंवा अधिक म्हणजे पूर्ण, 12.2 म्हणजे सुमारे निम्मी आणि 12 च्या खाली म्हणजे बहुतांशी रिती, असे स्थूलमानाने समजावे.
2. बॅटरीचा प्रकार तपासावा. द्रव आम्लाची, एजीएम व लिथियम या प्रकारांसाठी चार्जिंगची मर्यादा वेगवेगळी असते. पोर्शेने 2009 च्या अखेरीस काही स्पोर्ट्स कारसाठी लिथियम-आयन बॅटरीचा पर्याय जाहीर केला. अशा बॅटरीला तिच्यासाठीच बनवलेला चार्जर लागतो.
3. चार्जरची वीज बंद असताना आधी लाल चिमटा धन टोकास, नंतर काळा चिमटा बॅटरीपासून दूर, गाडीच्या सांगाड्यावरील उत्पादकाने नेमून दिलेल्या जागी लावावा व मग वीज सुरू करावी. काढताना क्रम उलट ठेवावा.
4. जागा हवेशीर असावी. अतिचार्जिंगमध्ये हायड्रोजन वायू निर्माण होतो आणि हवेत त्याचे प्रमाण 4 टक्क्यांवर गेल्यास ठिणगीने स्फोट होऊ शकतो. वर उल्लेखिलेला अर्धा अँपिअरचा साधा चार्जर ताशी सुमारे सव्वा लिटर हायड्रोजन निर्माण करू शकतो. बंद डिकीत हे प्रमाण उपेक्षणीय नाही.
5. फुगलेली, तडा गेलेली वा गळणारी बॅटरी चार्ज करू नये.
6. महिन्यातून एकदा चिमटे, तारा व विद्युतदाब तपासावा. पाणी भरता येणाऱ्या बॅटरीत केवळ डिस्टिल्ड वॉटर वापरावे.

व्यापक उपयोजन व समारोप

हा विषय मोजक्या श्रीमंतांच्या छंदापुरता मर्यादित नाही. हंगामापुरता चालणारा द्राक्षबागेतील ट्रॅक्टर, उन्हाळी सुटीत उभी राहणारी महाविद्यालयाची बस, प्रयोगशाळेचे जनित्र यांच्या बॅटऱ्यांना हेच नियम लागू होतात. बॅटरी अकाली निकामी होण्याने केवळ आर्थिक हानी होत नाही. शिसे हा विषारी धातू असून जुन्या बॅटऱ्या उघड्यावर फोडून शिसे वितळवणे परिसरातील लोकांच्या, विशेषतः बालकांच्या आरोग्यास घातक ठरते. म्हणूनच जुन्या बॅटऱ्या परत घेण्याविषयी 2001 मध्ये नियम झाले व 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी त्यांची जागा घेतली. बॅटरीचे आयुष्य वाढवणे हा या कचऱ्यावरील पहिला व सर्वांत स्वस्त उपाय आहे.

तात्पर्य, बॅटरी भरलेली ठेवणे आणि ती सतत भरत राहणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीने बॅटरीचे आयुष्य वाढते, दुसरीने ते संपते. हा भेद जाणून चार्जरची निवड केल्यास महिनोन्‌महिने उभी असलेली गाडीही किल्लीच्या पहिल्याच फेऱ्यात सुरू होण्यास अडचण येऊ नये.