तळटीपेतला निकाल

नागपूरच्या सदर भागाहून मुंबई उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ जवळ, म्हणून या भागात वकिलांची ऑफिसं बरीच. अशाच एका ऑफिसात संध्याकाळी, अशील निघून गेल्यावर, एलएलएमच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध तपासले जातात. मी बाजूला बसून ते काम पाहिलं. वकीलसाहेब मजकुराला हात लावण्याआधी तळटीपांकडे वळतात. सायटेशन वाचायची, कपाटातून तो खंड काढायचा, पान उघडायचं आणि विद्यार्थ्याचं वाक्य त्या निकालात खरंच आहे का ते पाहायचं.

कपाटं एआयआरच्या, म्हणजे ‘ऑल इंडिया रिपोर्टर’च्या खंडांनी भरलेली. देशभरच्या न्यायालयांत ज्याचे दाखले दिले जातात तो हा रिपोर्टर आपल्या नागपूरचा, व्ही. व्ही. चितळे यांनी १९२२ साली उभा केलेला. याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

त्या दिवशी तळटीप होती ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य, एआयआर १९७९ एससी १८५’. म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, १९७९ चा खंड, पान १८५. विद्यार्थिनीनं मजकुरात लिहिलं होतं, ‘१९७९ च्या निकालात’. साहेबांनी तिथेच पेन्सिल टेकवली. निकाल १५ सप्टेंबर १९७८ चा. १९७९ हे खंडाचं वर्ष.

“आणि त्याच्या आधी काय झालं?” त्यांनी विचारलं.

हाच तो मथुरा खटला. २६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंजच्या, म्हणजे आपल्या वडशाच्या, पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा. सत्र न्यायालयानं १९७४ साली दोन्ही पोलिसांना सोडलं. १२ ऑक्टोबर १९७६ रोजी नागपूर खंडपीठानं ते फिरवलं: गणपतला बलात्कारासाठी पाच वर्षं, हेड कॉन्स्टेबल तुकारामला विनयभंगासाठी एक वर्ष. सर्वोच्च न्यायालयानं दोघांना निर्दोष ठरवलं. तळटीपेत फक्त शेवटचा निकाल दिला, तर याच शहरात बसलेल्या न्यायमूर्तींनी त्या मुलीवर विश्वास ठेवला होता, हे वाचणाऱ्याला कळणारच नाही. तिथे ‘नागपूर खंडपीठाचा निकाल रद्द’ एवढे शब्द तरी हवेत.

खटल्याच्या नावात आरोपीचं नाव, कारण अपील त्यानं केलं होतं. ‘मथुरा’ हे मुलीचं नाव त्या सायटेशनमध्ये कुठेच नाही. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार प्राध्यापकांनी १९७९ साली सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं ते हा निकाल बारकाईनं वाचूनच. त्यानंतर देशभर आंदोलन उभं राहिलं आणि १९८३ साली बलात्काराचा कायदा बदलला. निकाल नीट वाचणं हे नुसतं परीक्षेपुरतं काम नाही, हे मला त्या पत्राइतकं दुसऱ्या कशातूनच पटत नाही.

दुसरी चूक हेडनोटची. निकालाच्या माथ्यावर सारांश असतो. तो रिपोर्टरचे संपादक लिहितात, न्यायालय नव्हे. घाईतले विद्यार्थी तोच अवतरणचिन्हांत घालून ‘न्यायालयाने म्हटले’ असं लिहून मोकळे होतात. परिच्छेदांचंही तसंच. जुन्या निकालांचे पॅरा प्रकाशक पाडत, त्यामुळे एआयआरमधला आणि एससीसीमधला, म्हणजे ‘सुप्रीम कोर्ट केसेस’ या दुसऱ्या रिपोर्टरमधला, पॅरा क्रमांक जुळेलच असं नाही. ज्या रिपोर्टरची सायटेशन, त्याचाच पॅरा द्यायचा.

मग निकालाचं पुढे काय झालं ते. एडीएम जबलपूर, एआयआर १९७६ एससी १२०७: आणीबाणीत अटकेविरुद्ध दाद मागता येणार नाही, असं सांगणारा निकाल. त्या निकालातल्या अपिलांत नागपूर खंडपीठाकडून गेलेलं प्रकरणही होतं. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं तो रद्दबातल ठरवला. ‘ओव्हररूल्ड’ हा शब्द न लिहिता त्याचा दाखला देणं म्हणजे मेलेल्या कायद्याला जिवंत म्हणून उभं करणं.

आता नवं संकट आहे. २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये माता विरुद्ध एव्हियांका या प्रकरणात वकिलांनी चॅटजीपीटीनं रचलेले, अस्तित्वातच नसलेले खटले न्यायालयापुढे ठेवले आणि पाच हजार डॉलरचा दंड भरला. वकिलाला निदान समोरची बाजू पकडते. प्रबंधातली खोटी तळटीप मात्र ग्रंथालयात जाऊन बसते आणि पुढचा विद्यार्थी ती खरी समजून उचलतो.

सुदैवाने तपासणं आता सोपं झालं आहे. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल ई-एससीआर या पोर्टलवर विनामूल्य वाचता येतात. न्यायालय स्वतःच निकालाला क्रमांक देतं. नागपूर खंडपीठाच्या क्रमांकात ‘बीएचसी-एनएजी’ अशी अक्षरं असतात. तेव्हा विद्यार्थीमित्रांनो, दुसऱ्याच्या प्रबंधातून तळटीप उतरवू नका. मूळ निकाल उघडा, पॅरा शोधा, आधीचं न्यायालय काय म्हणालं आणि पुढे त्या निकालाचं काय झालं ते पाहा, आणि मगच लिहा.