पावतीपुस्तके रद्दीत कधी घालायची?

दिवाळीची साफसफाई निघाली की अनेक संस्थांच्या कार्यालयांत हमखास वाद होतो. कपाटावर चढवलेले देणगी-पावत्यांचे गठ्ठे आणखी किती वर्षे सांभाळायचे? ऑडिट तर कधीच झाले! कुणी तीन वर्षे म्हणतो, कुणी आठ. आयकराचा नियम दहा सांगतो, आणि ती दहा वर्षे पावतीच्या तारखेपासून मोजायची नसतात. घोळ इथेच होतो.

ऑगस्ट 2022मध्ये आयकर नियमावलीत 17एए हा नियम आला. करसवलत घेणाऱ्या ज्या न्यासांचे सवलतीपूर्वीचे उत्पन्न करपात्र मर्यादा ओलांडते, त्यांनी हिशोबाच्या वह्या, बिले, पावत्यांच्या स्थळप्रती आणि देणगीदारांचे नाव-पत्ते, पॅन वगैरे नोंदी कर-निर्धारण वर्ष संपल्यापासून दहा वर्षे जपायच्या. अशा एखाद्या नोंदणीकृत मंडळाने सप्टेंबर 2022च्या गणेशोत्सवात फाडलेली पावती घ्या. तिचे कर-निर्धारण वर्ष, म्हणजे देणगीच्या आर्थिक वर्षानंतरचे वर्ष, 2023-24. ते 31 मार्च 2024 रोजी संपले. म्हणजे स्थळप्रत 31 मार्च 2034पर्यंत हवी; साडेअकरा वर्षे झाली की! त्या वर्षाचे प्रकरण खात्याने पुन्हा उघडले, तर त्याचा अंतिम निकाल लागेपर्यंत.

एवढा आटापिटा कशासाठी? देणगीदार कोण हे दाखवता आले नाही, तर देणगी निनावी ठरते. एकूण देणग्यांचे 5 टक्के किंवा 1 लाख रुपये, यांपैकी मोठ्या रकमेच्या वरच्या निनावी देणग्यांवर 30 टक्के कर बसतो. निव्वळ धार्मिक न्यासांना त्यातून सूट आहे, त्यामुळे देवळाची दानपेटी वाचते. वसतिगृह किंवा दवाखाना चालवणारी संस्था वाचत नाही.

नियम कागदाचाच हट्ट धरत नाही. संगणकातली नोंदही चालते. तरी ऑडिट होईपर्यंत मूळ प्रत फेकू नये. यंत्रातून निघणाऱ्या गुळगुळीत थर्मल पावत्या मात्र लगेच स्कॅन कराव्यात. काही वर्षांत त्यांवरची अक्षरे उडतात.

कायम निधीची गोष्ट वेगळी. मुद्दलाला हात न लावता फक्त व्याज खर्चा, असे देणगीदाराने लिहून दिलेले पत्र दहा वर्षांनी जुने होत नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांत, दहाव्या लेण्यात, क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याची अशीच देणगी कोरलेली आहे: 3000 कार्षापण (त्या काळची नाणी) विणकरांच्या श्रेण्यांकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ठेवायचे, मुद्दल परत मागायचे नाही, व्याजातून भिक्खूंच्या वस्त्रादी गरजा भागवायच्या. व्याजाचा दरसुद्धा तिथे वाचायला मिळतो. आजच्या विश्वस्तांनी दगड कोरायची गरज नाही. अशी पत्रे, बक्षीसपत्रे आणि न्यासपत्र वेगळ्या फाइलीत कायमची ठेवली की पुरे.

मुदत संपलेले गठ्ठेही थेट रद्दीवाल्याच्या तराजूत टाकू नयेत. त्यांत लोकांचे पॅन आणि फोन नंबर असतात. कोणत्या वर्षांची, कोणत्या क्रमांकांची पुस्तके नष्ट करायची याची यादी करून विश्वस्तांच्या सभेत ठराव घ्यावा, कागद यंत्रात बारीक फाडावेत आणि यादी इतिवृत्ताच्या वहीला जोडून ठेवावी.