दोन फॉन्ट, एक ओत्तू

हैदराबाद. हायटेक सिटीतलं एक लहानसं ऑफिस. स्क्रीनभर एकच तेलुगू अक्षर मोठं करून ठेवलंय. मूळ व्यंजनाच्या पोटाखाली दुसरं व्यंजन बसलेलं. तेलुगूत त्याला ओत्तू म्हणतात. काम चालू आहे ते ‘लोहित तेलुगू’ या फॉन्टवर. पण अक्षरं जुळवणाऱ्या मुलीला ओत्तूचं वळण आवडलंय ते शेजारच्या खिडकीत उघडलेल्या ‘पोतना 2000’मधलं. तिथला ओत्तू उचलून इथे चिकटवायला दहा सेकंद पुरतील.

ती चिकटवत नाही. आधी फॉन्टची माहिती उघडते.

प्रत्येक फॉन्टच्या आत नावांचा एक तक्ता असतो. 0 क्रमांकाला कॉपीराइट, 13 ला परवान्याचं वर्णन, 14 ला परवान्याचा दुवा. छापलेल्या पानावर यातलं काहीच दिसत नाही, पण ओत्तूचा निकाल इथेच लागतो. पोतना जीपीएल म्हणजे जनरल पब्लिक लायसन्सखाली आहे, लोहित ओपन फॉन्ट लायसन्सखाली. दोन्ही मुक्त, दोन्ही फुकट, दोन्हींत फेरफार करायची मुभा. तरी या दोघांची अक्षरं मिसळून तिसरा फॉन्ट वाटता येत नाही.

कारण दोघांची मूळ अट एकच आहे: माझ्यातून जे घडेल, ते माझ्याच परवान्याखाली गेलं पाहिजे. जीपीएल म्हणतो, सगळं जीपीएलखाली द्या, वर जादा बंधन घालू नका. ओपन फॉन्ट लायसन्स म्हणतो, बदललेला फॉन्टही याच परवान्यात राहील आणि नुसता फॉन्ट म्हणून विकता येणार नाही. एका फॉन्टला दोन्ही अटी एकाच वेळी पाळता येत नाहीत. हे भांडण उदार आणि कंजूष यांच्यातलं नाही. दोघेही उदार आहेत, आणि आपली उदारता पुढे टिकावी म्हणून दोघेही तितकेच हट्टी आहेत.

यातली खरी हळहळ वेगळीच आहे. रेड हॅट या कंपनीने 2004 मध्ये लोहित खुला केला तेव्हा तोही जीपीएलखालीच होता. पुण्यातल्या मंडळींनी वर्षानुवर्षं सांभाळलेला हा संच. मराठी, तेलुगू, तमिळ अशा कित्येक भाषांचा. 2011 मध्ये तो ओपन फॉन्ट लायसन्सवर गेला. फॉन्टसाठीच घडवलेला परवाना घेणं योग्यच होतं, पण पोतनाशी असलेली वाट त्या दिवशी बंद झाली. मात्र एकदा दिलेला परवाना मागे जात नाही. त्यामुळे 2011 पूर्वीचा लोहित आजही जीपीएलखाली घेता येतो आणि त्यात पोतनाचा ओत्तू बसवता येतो. तयार होणारा फॉन्ट मग जीपीएलखालीच वाटायचा. दुसरा मार्ग म्हणजे पोतनाच्या कर्त्याची थेट परवानगी. एकाच पुस्तकात दोन्ही फॉन्ट शेजारी शेजारी वापरायला मात्र काहीच आडकाठी नाही. अडतं ते मिसळण्यापाशी.

प्रोग्रामच्या जगातही हाच पेच आहे. 2004 चा अपाचे 2.0 परवाना आणि 1991 ची जीपीएलची दुसरी आवृत्ती यांचं पेटंटच्या कलमांवरून जमत नाही. 2007 च्या तिसऱ्या आवृत्तीशी जमतं, तेही एकाच दिशेने. अपाचेचा कोड जीपीएलमध्ये जातो, उलट येत नाही. म्हणून फाइलच्या माथ्यावरचे ‘किंवा नंतरची आवृत्ती’ हे शब्द सोन्याच्या मोलाचे. ते असतील तर तिसऱ्या आवृत्तीचं दार उघडं. लिनक्सच्या गाभ्याला दुसरीच आवृत्ती लागू आहे, आणि तिथे ते दार बंद आहे.

मुलीने जुन्या लोहितची फाइल उतरवून घेतली आणि 13 क्रमांकाची ओळ पुन्हा एकदा वाचली. मगच ओत्तू उचलला.

मराठीत किंवा तेलुगूत फॉन्ट, शब्दकोश, एखादा प्रोग्राम खुला करणाऱ्यांना एवढीच विनंती: परवान्याची जागा रिकामी सोडू नका. नाव लिहा, आवृत्ती लिहा. परवानाच नसलेली फाइल कितीही प्रेमाने वाटलेली असली, तरी 1957 च्या कॉपीराइट कायद्याने तिचे सगळे हक्क कर्त्याकडेच राहतात, आणि ती जपून वापरू पाहणाऱ्याला हात आखडता घ्यावा लागतो.