विश्लेषण : जुन्या ‘पद्मिनी’ला स्पोर्ट्स सायलेन्सर, आवाज वाढतो, पण वेग?

पुरुषोत्तमनगर : सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखान्याच्या या गावात किंवा शेजारच्या शहाद्यात कुणी वडिलांच्या काळातली फिएट पुन्हा रस्त्यावर आणायला काढली, की रंग आणि सीटकव्हरनंतर विषय निघतो सायलेन्सरचा. ‘फ्री फ्लो’ टाका, गाडी हलकी पळेल, असा सल्ला हमखास मिळतो. तो कितपत खरा आहे? कायदा काय म्हणतो? आणि पंपावर मिळणाऱ्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलचा याच्याशी काय संबंध?

पद्मिनी स्पोर्ट्स कार कधीपासून झाली?

झाली नाहीच. एमजी, ट्रायम्फसारख्या खऱ्या स्पोर्ट्स कार आपल्याकडे मोजक्याच आल्या. सामान्य घरांच्या वाट्याला आली ती मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात प्रीमियर कंपनीने बनवलेली फिएट ११००, म्हणजेच पुढची प्रीमियर पद्मिनी. तरीही तिला शर्यतीचा इतिहास आहे. चेन्नईजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर याच फिएट मॅनिफोल्ड, कार्ब्युरेटर बदलून धावत असत. ‘परफॉर्मन्स एक्झॉस्ट’ची हौस तिथून आली. फरक इतकाच, की शर्यतीचे इंजिन सतत वरच्या फेऱ्यांवर फिरते आणि शहादा-नंदुरबार रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकलेले इंजिन बहुतेक वेळ खालच्या फेऱ्यांवर.

मोठा पाइप म्हणजे जास्त ताकद का नाही?

पद्मिनीचे इंजिन १०८९ सीसीचे, ताकद साधारण ४० अश्वशक्ती. मिनिटाला ४८०० फेऱ्यांवर ते जास्तीत जास्त २,६०० लिटर हवा ओढू शकते. एवढा धूर बाहेर टाकायला तोफेच्या नळीची गरज नसते.

जळलेला वायू सलग वाहत नाही, एकेका सिलिंडरमधून धक्क्याधक्क्याने निघतो. वेगाने गेलेला धक्का मागे कमी दाबाची पोकळी सोडतो आणि ती पुढच्या सिलिंडरमधला धूर ओढून घेते. हेडरचे, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र नळी देणाऱ्या मॅनिफोल्डचे सगळे गणित या ओढीवर चालते. ती टिकायला वायूचा वेग हवा. दीड इंची पाइपाच्या जागी दोन इंची टाकला, तर आतले क्षेत्रफळ १.७८ पट होते आणि वेग जवळपास निम्म्यावर येतो. मग गाडी गर्जते, पण चढावर दुसऱ्या गिअरमध्ये दम टाकते. ‘इंजिनाला बॅकप्रेशर लागतेच’ हे गॅरेजमधले वाक्य याच अनुभवातून आले असावे. प्रत्यक्षात दाब नको असतो, वेग हवा असतो.

रस्त्यावरच्या गाडीसाठी चार नळ्या आधी दोन आणि मग एक होणारा हेडर बरा. त्याने मधल्या फेऱ्यांवर जोर मिळतो. चारच्या थेट एक होणाऱ्या हेडरचा फायदा वरच्या फेऱ्यांवर. परदेशातून हेडर मागवताना तो डाव्या स्टीअरिंगच्या गाडीसाठी बनलेला नाही ना, हे आधी विचारावे. नळी स्टीअरिंगच्या दांड्याला भिडली की पैसे पाण्यात.

इथेनॉलचा मुद्दा कुठे येतो?

इथेच खरी जोखीम आहे. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळायला वजनाने १४.७ भाग हवा लागते, तर २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला सुमारे १३.५. नव्या गाडीतला सेन्सर हे ओळखून इंधन वाढवतो. जुन्या कार्ब्युरेटरला त्याची कल्पनाच नसते. जेटच्या भोकातून तो पूर्वीइतकेच इंधन सोडतो. म्हणजे मिश्रण आधीच ‘लीन’ झालेले असते. त्यावर मोकळा सायलेन्सर बसवला की हवा आणखी वाढते. भर उन्हाळ्यात असे इंजिन तापते, ठोका देते आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळण्यापर्यंत प्रकरण जाते.

त्यामुळे सायलेन्सरच्या खर्चात मोठा जेट आणि कार्ब्युरेटरची जुळणी धरलीच पाहिजे. मेकॅनिक ती करणार नसेल, तर कामच पुढे ढकललेले बरे. ओळखण्याची खूण साधी आहे : पंधरा-वीस किलोमीटर चालवून प्लग काढावा. टोक कॉफीच्या रंगाचे असेल तर ठीक. पांढरे पडले असेल तर मिश्रण लीन. इथेनॉल जुनी रबरी नळीही खराब करते, ती याच वेळी बदलावी.

कायदा काय सांगतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम १२० नुसार प्रत्येक वाहनाला आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर हवाच. गाडी आवाजाचे निकष येण्याआधीची आहे, ही पळवाट इथे चालत नाही. नव्या कारसाठी २००५ पासून कारखान्यातल्या चाचणीत ७४ डेसिबलची मर्यादा आहे. दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली आवाजाच्या उल्लंघनाला पहिल्या वेळी १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, शिवाय तीन महिने परवाना जातो. परवानगी नसलेल्या बदलासाठी कलम १८२अ(४) खाली प्रत्येक बदलामागे पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. बुलेटचे फटाका सायलेन्सर पोलिसांनी रोडरोलरखाली चिरडल्याचे व्हिडीओ सर्वांनी पाहिले आहेत. कारवाल्यांना वाटते, ते आपल्यासाठी नाही.

पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या गाडीला २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हीए’ मालिकेची व्हिंटेज नोंदणी मिळू शकते; शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षे. अट अशी, की गाडी मूळ स्वरूपात हवी आणि चॅसी, बॉडी, इंजिनात मोठे फेरफार नकोत. म्हणून काढलेला बिडाचा मूळ मॅनिफोल्ड भंगारात देऊ नये. नट-बोल्टसह तेल लावून ठेवावा.

कोणता धातू घ्यावा?

एक लिटर पेट्रोल जळले की साधारण लिटरभर पाणी तयार होते. पुरुषोत्तमनगरहून शहाद्याच्या बाजारात जाऊन येणाऱ्या गाडीचा पाइप पुरता तापतच नाही, पाणी आत साचते आणि सायलेन्सर आतून सडतो. साधे लोखंड म्हणून लवकर जाते, ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेले बऱ्यापैकी टिकते, ३०४ ग्रेडचे स्टेनलेस सर्वांत जास्त. दुकानदार चुंबक लावून ‘चिकटत नाही, म्हणजे ३०४’ म्हणेल. स्वस्त २०२ ग्रेडलाही चुंबक चिकटत नाही, त्यामुळे ग्रेड बिलावर लिहून घ्यावी. सायलेन्सरच्या तळाशी बारीक भोक असते. ते पाणी निघण्यासाठी असते. गळती समजून वेल्डिंगने बुजवू नये.

आतली रचनाही विचारावी. कप्प्यांचा सायलेन्सर आवाज चांगला दाबतो. काचलोकर भरलेला सरळ नळीचा मोकळा असतो, पण लोकर जळून गेली की दोन-तीन वर्षांत तोच कर्णकर्कश होतो.

बसवल्यावर काय तपासावे?

इंजिन थंड असताना सुरू करून प्रत्येक जोडाजवळ हात धरावा. फुसफुस जाणवली तर गॅस्केट बदलावे. जमिनीखालून जाणारा पाइप गळका असेल तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला ना वास, ना रंग. काचा बंद करून लांब जाताना डोके दुखू लागले, तर आधी गाडी थांबवून खाली उतरावे. मग पीयूसी : बीएस-२ पूर्वीच्या पेट्रोल कारला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे. जोडातून हवा शिरत असेल तर यंत्रावर आकडा खोटा कमी दिसतो, म्हणून गळती आधी काढावी, पीयूसी नंतर.