टाकलेले मूल आणि आशेचे प्रतीक : ‘सायलस मार्नर’च्या निमित्ताने

कथात्म साहित्यात टाकून दिलेले मूल वारंवार येते आणि पुष्कळदा ते आशेचे प्रतीक ठरते. या प्रतीकाचा उलगडा सामान्यतः मुलाच्या निरागसतेच्या आधारे केला जातो. हा उलगडा अपुरा वाटतो, कारण निरागसता कोणत्याही मुलाच्या ठायी असते. टाकलेल्या मुलाचे वेगळेपण असे, की जन्माने मिळणारे नाते त्याच्यापुरते निकामी झालेले असते. यापुढे जे नाते जुळेल ते कोणीतरी आपल्या कृतीने जुळवावे लागते. या प्रतीकातील आशेचे मूळ येथे आहे. जॉर्ज एलियट यांच्या ‘सायलस मार्नर’ (१८६१) या कादंबरीच्या आधारे हा मुद्दा प्रस्तुत लेखात स्पष्ट करावयाचा आहे.

इंग्रजी कादंबरीत अशा मुलाच्या कथेचा एक रूढ बंध होता. हेन्‍री फील्डिंग यांच्या ‘टॉम जोन्स’मधील (१७४९) सापडलेले मूल अखेरीस ऑलवर्दी या जमीनदाराच्या बहिणीचाच मुलगा ठरते. डिकन्स यांच्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मध्येही (१८३७-३९) अनाथ ऑलिव्हरच्या जन्माचे रहस्य उलगडते आणि त्याला पित्याच्या संपत्तीचा वाटा मिळतो. या बंधात आशा फलद्रूप होते ती कुळाचा शोध लागल्यामुळे. मूल आरंभापासून ‘आपले’च होते असे कळल्यावर कुळाच्या कल्पनेला धक्का लागत नाही.

एलियट हा बंध उलटा करतात. सायलस हा विणकर. लँटर्न यार्ड येथील पंथबंधूंनी मित्राच्या कपटामुळे त्याला चोर ठरविलेले असते. देवावरचा व माणसांवरचा विश्वास गमावून तो रॅव्हलो या गावी येतो आणि पंधरा वर्षे केवळ माग चालवून सोन्याची नाणी साठवितो. ती नाणी चोरीस जातात. पुढे वर्षाच्या अखेरच्या रात्री, तो दारात शुद्ध हरपून उभा असताना, एक लहान मुलगी बर्फातून त्याच्या घरात शिरते. शेकोटीपाशी चमकणारे तिचे केस मंद नजरेच्या सायलसला परत आलेले सोने वाटतात; हात लावल्यावर बोटांना ऊब लागते. तिची आई बर्फात मरून पडलेली असते. पिता गॉडफ्रे कास त्याच रात्री मुलीला ओळखतो, पण इच्छित विवाहात अडथळा नको म्हणून गप्प राहतो. वाचकाला पितृत्व ठाऊक असल्यामुळे कुळाच्या रहस्याचे आकर्षण येथे उरत नाही.

कादंबरीच्या आरंभी वर्डस्वर्थ यांच्या ‘मायकेल’ (१८००) या कवितेतील ओळी आहेत. उतरत्या वयातील माणसाला मूल आशा देते, असा त्यांचा आशय. परंतु त्या कवितेतील मुलगा, ल्यूक, हा पोटचा व वडिलोपार्जित जमिनीचा वारस असूनही शहरात जाऊन वाया जातो. पित्याने आरंभिलेला मेंढवाडा अपुराच राहतो. पोटच्या वारसाकडून जी आशा फोल ठरली, ती येथे परक्या मुलीकडून पुरी होते. मुलीच्या नावातही हेच सूत्र आहे. सायलस तिला आपल्या आईचे व धाकट्या बहिणीचे ‘हेफझिबा’ हे नाव देतो. त्याचे ‘एपी’ होते. बायबलमधील यशयाच्या ग्रंथात, जिला ‘टाकलेली’ म्हणत त्या नगरीला हे नवे नाव मिळेल, असे वचन आहे.

ही आशा आपोआप अवतरत नाही. सायलस कापडाच्या पट्टीने एपीला मागाशी बांधून काम करतो. ती कात्रीने पट्टी कापून निसटते. शिक्षा म्हणून कोळशाच्या खोपटात ठेवावे, तर तिला तो खेळच वाटतो. मुलीला कसे वाढवावे हे विचारण्यासाठी त्याला डॉली विन्थ्रॉपकडे जावे लागते, बाप्तिस्म्यासाठी चर्चची पायरी चढावी लागते. संगोपनाच्या या कष्टांतून तो गावाशी जोडला जातो.

सोळा वर्षांनंतर निपुत्रिक गॉडफ्रे पत्नीसह एपीवर हक्क सांगण्यास येतो आणि एपी ठाम नकार देते. मराठी वाचकाला येथे उद्योगपर्वातील कर्ण आठवल्यावाचून राहणार नाही. कृष्ण जन्मरहस्य सांगून राज्य देऊ करतो तेव्हा कर्ण राधेच्या वात्सल्याचा, तिने मलमूत्र काढल्याचा आणि सूतकुळात जुळलेल्या सोयरिकीचा दाखला देतो. दोन्ही नकारांचे अधिष्ठान संगोपन हेच आहे. मात्र कर्ण दुर्योधनाच्या ऋणातही अडकलेला आहे आणि त्याच्याभोवतीचे जग कुळावाचून माणसाला ओळखत नाही. म्हणून त्याचा नकार त्याला विनाशाकडे नेतो. एपीच्या नकाराला गावाची साथ आहे. नकार उदात्त असला तरी तो पेलणारा समाज नसेल, तर आशेची शोकांतिका होते.

या प्रतीकाची एक मर्यादाही नोंदविली पाहिजे. मुलाला आशेचे रूप देताना आई कथेबाहेर जाते. एपीच्या आईला, अफूच्या आहारी गेलेल्या मॉलीला, कादंबरीत फारच थोडी जागा मिळते. एलियट यांना याची जाणीव असावी. कारण ज्या काटेरी झुडपापाशी आई मरून पडली ते आपल्या बागेत आणून लावावे, अशी एपीची इच्छा त्यांनी नोंदविली आहे. या कादंबरीनंतर दोनच वर्षांनी, १८६३ मध्ये, पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, ते मूल टाकण्याची पाळी आलेल्या विधवांसाठी. एका ब्राह्मण विधवेचा मुलगा, यशवंत, त्यांनी दत्तक घेतला. तो पुढे डॉक्टर झाला. तेथे मुलाबरोबर आईचाही विचार होता, हे साहित्यातील प्रतीकाचे मोल ठरविताना विसरता येत नाही.

‘मूल कशाचे प्रतीक आहे?’ हा प्रश्न आपण वर्गात विचारतो. मूल कोणी उचलले, त्यासाठी कोणते कष्ट घेतले, त्या मुलाला पुढे ‘नाही’ म्हणता आले काय आणि त्याच्या आईचे काय झाले, हेही विचारले पाहिजे. सायलस अखेरीस लँटर्न यार्डला जातो, तेव्हा तेथे कारखाना उभा असतो. जुन्या अन्यायाचा खुलासा त्याला कधीच मिळत नाही, आणि तरीही तो एपीच्या सोबतीने घरी परततो.